खणातलं अस्तर

माझे वडील जऊळक्याला रेल्वेत होते, म्हणून मला वाशीमला नोकरी करता आली. सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. गार्ड ओळखीचे, ड्रायव्हर ओळखीचे. एकटी मुलगी रोज नोकरीला जाते याबद्दल गावात काय बोललं जात असेल ते असो, वडिलांच्या काळ्या कोटामुळे ते आमच्या दारापर्यंत कधी पोचलं नाही. पन्नास सालानंतरचे ते दिवस होते. नागपूरला बी. ए. करताना जुन्या वस्तूंचं जतन कसं करायचं याचं थोडंफार शिक्षण मी घेतलं होतं. तेवढ्या भांडवलावर वाशीमच्या एका वाचनालयाने मला मागच्या दोन खोल्यांतला संग्रह सांभाळायला ठेवून घेतलं.

संग्रह एका वकिलांचा होता. ते वारले होते. आयुष्यभर खटल्यांच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांनी जे जे मिळेल ते गोळा केलं होतं: भंगलेल्या मूर्ती, नाणी, कुलपं, तांब्याची भांडी, दागिने, कपडे. पुढच्या खोलीत दगड आणि धातू, मागच्या खोलीत कापड. त्या मागच्या खोलीत एक भलं मोठं कपाट होतं. वकील हयात असतानाच जिनिंग फॅक्टरीच्या एका मालकाने ते मुद्दाम करवून भेट दिलं होतं आणि अख्ख्या वाचनालयाला त्याचा अभिमान होता. नवं लाकूड, आरशासारखं पॉलिश, आणि आत एकाखाली एक पसरट खण. प्रत्येक खणात तळाला हिरवी बनात चिकटवलेली, तिच्यावर पांढरा जाड कागद, आणि कागदावर वस्तू. बिलियर्डच्या टेबलावर असते तसली ती लोकरीची बनात. पाहुणे आले की चिटणीस आधी कपाट दाखवत, मग संग्रह.

पहिल्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला आंबूस वास आला. कुणी सिरक्याची बाटली उघडी ठेवून विसरून जावं तसा. खिडकी उघडली तरी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वाचनालयाचा शिपाई त्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. तो बाहेर उभा राहून लांब दांड्याचा झाडू आत सारायचा, पोचेल तेवढं झाडायचा आणि निघून जायचा. चांगला पोक्त, धिप्पाड माणूस होता तो.

"आत का येत नाही हो तुम्ही?" मी विचारलं.

"मी भेत नाई बाई," तो म्हणाला. "पन ते आवाज करते ना."

"कोण?"

"खालच्या खनातली."

मी हसले. तो हसला नाही.

दुपारी वाचनालय बंद असायचं. बाजारही थंडावलेला असायचा. मी त्या खोलीत बसून वस्तूंना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत असे. दोन-तीन दिवसांनी मलाही आवाज ऐकू आला. टिक. बोटाच्या नखाने लाकडावर एकदाच टिचकी मारावी एवढाच. मग बराच वेळ काही नाही. आता येणार नाही असं वाटून मी पुन्हा लेखणी उचलली की टिक. नवं लाकूड वाळताना कुरकुरतं हे मला ठाऊक होतं. ते मी स्वतःला सांगितलं आणि खालचा खण ओढला.

आत एक बाई निजली होती, असं मला क्षणभर वाटलं. पाहिलं तर बंजारा बाईचा पोशाख होता. वरच्या बाजूला लाल ओढणी, कपाळावर येते ती कवड्यांची पट्टी नीट मध्यभागी आणलेली. तिच्या दोन्ही बाजूंना केसांत गुंफायच्या चांदीच्या घुगऱ्या. खाली आरशांनी भरलेली कांचळी, म्हणजे त्यांची चोळी, तिच्या बाह्या दोन्हीकडे पसरलेल्या. त्याखाली घेरदार फेटिया, म्हणजे घागरा. ओढणीच्या कडेला ती वाऱ्याने उडू नये म्हणून शिशाचे मणी ओवलेले. कोणता कपडा कुठे घालतात ते बघणाऱ्याला कळावं म्हणून वकिलांनीच तो तसा मांडला होता. मांडणी उत्तम होती. फक्त त्यात शरीर नव्हतं. चांदी काळवंडली होती आणि कवड्यांवर पिठूळ धूळ बसली होती. मी ती बोटाने पुसली, पण ती पुसली गेली नाही.

चैत्रात ती आली.

पोहरादेवीच्या जत्रेला जाणाऱ्यांच्या गाड्या तेव्हा वाशीमवरून जात. शिपाई आत येऊन, म्हणजे दारापर्यंत येऊन, म्हणाला, "याडी आली. दरसाल येते. तिले खन दाखवा लागते." याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. तिच्या तांड्यात तिला सगळे तसंच म्हणत, मग वाचनालयातलेही म्हणू लागले होते आणि पुढे मीही म्हणू लागले. उंच, वाळकी बाई होती. तिच्या अंगावर मात्र साधं लुगडं होतं. माझ्याकडे न बघता ती खणापाशी जमिनीवर बसली. मी तो ओढून दिला. तिने कांचळीच्या एकेका आरशावरून अंगठा फिरवला.

"माह्या पोरीचा हाय हा," ती म्हणाली. "मी शिवला. ते लहान होती तवापासून शिवत होतो."

मी तिच्याजवळ बसले.

"लगीन झालं त्या सालच्या जत्रेत घातला तिनं. जत्रेत पटकी आली. घरी आनली, अन् गेली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मंग सारे म्हनत, जाळून टाक. मेलेल्या बाईचा पोशाख घरात ठेवत नाईत. मी नाई जाळू देल्ला. तं घरात एकेक जन आजारी पडे, अन् माह्याकडं पाहे. वकील सायेब आले व्हते तांड्यावर, त्यायले म्हनलं घेऊन जा. पन दरसाल मले पाहू द्या लागन."

"तुम्ही केव्हाही या," मी म्हटलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू नवीन हायेस. तुले सांगून ठेवतो. पावसाळ्यात भेऊ नोको. पावसाळ्यात रडते ते. मी पाह्यलं एक डाव."

ती गेल्यावर मी खण बंद केला. आईचं मन, दुसरं काय, असा विचार करून मी कामाला लागले. त्या दुपारी टिकटिक बरीच झाली. ऊन कडक होतं.

पावसाळा आला. आषाढ संपता संपता सलग झड लागली, भिंतींना ओल आली, वाचनालयातली पुस्तकं फुगली. मी एकेक कपाट उघडून बुरशी बघत चालले होते. मागच्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण ओलीने घट्ट झाला होता. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा तो झटक्यात बाहेर आला आणि सिरक्याच्या वासाचा भपकारा तोंडावर बसला.

कांचळीचे आरसे ओले होते. सगळे. प्रत्येक आरशावर बारीक थेंब धरले होते, काही ठिकाणी ते एकत्र होऊन कडेच्या टाक्यांपर्यंत ओघळले होते. छताकडे पाहिलं. छत कोरडं होतं. शेजारचं कापड कोरडं होतं. खणाचं लाकूड कोरडं होतं. फक्त आरशांना पाणी सुटलं होतं. कपाळाच्या पट्टीतल्या कवड्यांवर पांढरे, केसासारखे बारीक तंतू उगवले होते, आणि शिशाच्या मण्यांची जागोजाग पांढरी भुकटी झाली होती. एक मणी माझ्या देखत ओढणीवरून सुटून खणाच्या लाकडी कडेवर पडला. टिक.

मी खण बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि त्या दिवशी लवकर स्टेशनवर जाऊन बसले. घरी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी सुटली असती. गाडीत समोरच्या बाकावर एक बाई ओल्या पदराने तोंड पुसत होती. मी जागा बदलून दुसऱ्या बाकावर गेले. एवढी भीती मला वाटली होती, हे आजही मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी हायस्कुलातल्या विज्ञानाच्या मास्तरांना बोलावलं. ते वाचनालयात रोज येत. कोरडे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी खण उघडला, वास घेतला, आरशावरचा थेंब बोटावर घेऊन चाटला.

"खारट आहे," ते म्हणाले. "अश्रूंसारखा म्हणणार असाल, तर तसाही."

"मास्तर!"

"घाबरू नका. हलक्या काचेत खार फार असतो. दमट हवेत तो बाहेर येतो आणि पाणी ओढून घेतो. पण शिशाचं आणि कवड्यांचं वेगळं आहे. ते कशाने तरी खाल्लं जातंय. या कपाटात आम्ल आहे. वासच सांगतोय."

"कपाटात कुणी काही ठेवलेलं नाही."

"मग कपाटच असेल. नाहीतर त्याचं अस्तर."

आम्ही पोशाख बाहेर काढायचं ठरवलं. एका धुतलेल्या चादरीवर मी तो एकेक करून ठेवला: आधी ओढणी, मग घुगऱ्या, मग कांचळी, शेवटी फेटिया. खण रिकामा झाला. मास्तर आणि मी त्यात बघत राहिलो.

खाली पसरलेल्या पांढऱ्या कागदावर ती होती.

तपकिरी रंगात, चहाच्या डागासारखी, डोक्यापासून पायापर्यंत. ओढणीच्या कडेची रेघ, तिच्या आत डोक्याएवढी जागा कोरीच, दोन बाजूंना घुगऱ्यांचे काळे गुच्छ, मग खांदे, बाह्या, कमर, घागऱ्याच्या चुण्या. पोशाख खणात होता तेव्हा तो पोशाख वाटायचा. कागदावर मात्र माणूस होतं. चेहऱ्याची जागा कोरी असल्याने ते अधिकच माणूस वाटत होतं.

"वापरलेलं कापड," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "अंगाचं तेल, हळद, रंग. कागद स्वस्तातला, आधीच आम्लाचा. वरून वजन, खालून बनात. उमटणारच." ते हे मला सांगत होते की स्वतःला, ते कळेना.

"आणि हे?" मी विचारलं.

उजवी बाही जिथे संपत होती तिथून थोड्या अंतरावर, जिथे पोशाखाचा एकही धागा टेकत नव्हता, तिथे एक तळहात उमटला होता. पाच बोटं, किंचित फाकलेली.

मास्तरांनी वाकून तो बारकाईने पाहिला. मग म्हणाले, "कागद पसरताना कुणाचा तरी घामेजलेला हात टेकला असेल."

मी माझा हात त्याच्यावर, न टेकवता, धरून पाहिला. तो माझ्या हातापेक्षा लहान होता. कागद पसरला होता वकिलांनी आणि सुताराने.

"घामाचा डाग पसरतो, आक्रसतो," मास्तर म्हणाले. "मापावर जाऊ नका."

आम्ही मापावर गेलो नाही. तो कागद मी उचलून, एका वेळूवर सैल गुंडाळून पुढच्या खोलीत ठेवला. फेकायला हात धजेना.

मग अस्तराचा शोध सुरू झाला. मला आठवतं, त्या दिवसांत मी दुसरं काही करत नव्हते. वस्तू ज्याच्यावर ठेवायची ते तिला मारणार नाही असं काहीतरी हवं होतं, आणि ते काय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मास्तरांनी एक युक्ती काढली. लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणायच्या, कढत पाण्याने धुवायच्या, आणि प्रत्येकीत एकेका अस्तराचा तुकडा टाकायचा. त्याच्याबरोबर घासून चकचकीत केलेली शिशाची पट्टी, सोनाराकडचा चांदीच्या तारेचा तुकडा, एक कवडी आणि छोट्या बाटलीत ओला कापूस. मग मेणाने तोंड बंद करून बरण्या शाळेच्या प्रयोगशाळेत पत्र्याखाली ठेवायच्या. पावसात उघडीप मिळेल तेव्हा पत्रा तापायचाच. उष्णता आणि ओल मिळाली की वाईट अस्तर वर्षांचं काम थोड्या दिवसांत करील, असं त्यांचं म्हणणं.

कपाटातल्या बनातीचा तुकडा एका बरणीत गेला, त्याच कपाटाच्या आतल्या बाजूने तासलेली लाकडाची ढलपी दुसरीत. मग जुनं वर्तमानपत्र, खाकी कागद, बाजारातलं मेणकापड, कोऱ्या मांजरपाटाची खळीसकट पट्टी. एका बरणीत खादी, पण सोडा घालून उकळलेली, खळ पुरती निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतलेली. एका बरणीत नुसती काचेची पट्टी. एकीत अस्तर म्हणून काहीच नाही, तुलनेसाठी. सगळ्यात शेवटी मास्तरांनी पोशाखातून गळून पडलेला लाल धागा चिमट्याने उचलला आणि तो एका वेगळ्या बरणीत टाकला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"सगळा दोष बाहेरच्याचाच आहे की काय, बघू."

रोज दुपारी मी हायस्कुलात जाऊन त्या बरण्या बघत असे. शाळा भरलेली असायची, शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू यायचे, तरी त्या खोलीत मला एकटीला बसवत नसे. बंद बरण्यांत काहीतरी जगत होतं. बनातीच्या बरणीतली चांदी आधी पिवळी झाली, मग तपकिरी, मग काळी, जणू कुणी तिला काजळ लावलं. लाकडाच्या बरणीत शिशावर पांढरे ठिपके आले, ठिपक्यांचे कोंब झाले, आणि कवडीला तेच बारीक केस फुटले जे मी खणात पाहिले होते. ते मी पाहिले तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं. कारण सापडलं होतं. पण कुणाचीही नसलेली बाजारातली एक कवडी त्या मेलेल्या मुलीच्या कवडीसारखी हुबेहूब पांढरी होत जाताना बघणं मला सहन होईना. वर्तमानपत्राच्या आणि खळीच्या बरण्याही बिघडल्या. मेणकापडाने तर आतून काचेवर तेलकट धुकं चढवलं.

खादीची बरणी स्वच्छ राहिली. काचेची राहिली. रिकामी राहिली.

लाल धाग्याची बरणी राहिली नाही. तिच्यातली चांदी काळवंडली. बनातीइतकी नाही, पण काळवंडलीच.

मास्तरांनी ती बरणी उजेडात धरली. "म्हणजे थोडं तिच्यातूनच येतंय," ते म्हणाले. "त्याला आपण काही करू शकत नाही. घुगऱ्या वेगळ्या ठेवा, काचेच्या डब्यात. आणि कपडे वेगळे राहू द्या."

मी चिटणिसांकडे गेले. त्यांना ते पटायला जड गेलं. देणगीचं कपाट कापडाला चालत नाही हे देणगीदाराला कोण सांगणार? शेवटी मी त्यांना हायस्कुलात नेऊन दोन बरण्या शेजारी शेजारी दाखवल्या. त्यांनी लाकडाच्या बरणीतली कवडी पाहिली, उपरण्याने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "कपाटात पुस्तकं ठेवू." वकिलांच्या घरून जुनी लोखंडी कपाटं आणली. त्यांचा रंग कधीच वाळून कडक झाला होता, त्यातून आता काही सुटणार नव्हतं. फळ्यांवर काच बसवली, काचेवर उकळलेली खादी, दोन पदरी. तळाला कळीच्या चुन्याची भांडी, तोंडाला फडकं बांधून, हवेतली ओल ओढायला. आरसे मी स्पिरिटच्या बोळ्याने एकेक करून पुसले, कवड्या मऊ ब्रशने झाडल्या. पोशाख या वेळी माणसासारखा मांडला नाही. घड्यांत खादीच्या गुंडाळ्या घालून, घडीवर घडी ठेवला. मागच्या खोलीतला वास हळूहळू ओसरला. टिकटिक थांबली. एक दिवस शिपाई झाडू घेऊन सरळ आत आला, आणि कोपऱ्यापर्यंत झाडून गेला.

पुढच्या चैत्रात याडी आली नाही. ती आली भर श्रावणात. डोक्यावर पोतं पांघरून, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. ती याच दिवसांत का आली हे मला लगेच कळलं.

"खन कुठं गेला?" तिने दारातूनच विचारलं.

मी लोखंडी कपाट उघडलं, घडी काढून टेबलावर खादीवर ठेवली आणि कांचळी उलगडली. आरसे लखलखत होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तिचा चेहरा त्यांत तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. तिने अंगठा फिरवला. कोरडा. दुसऱ्यावर फिरवला. वाकून वास घेतला.

"रडत नाई आता?"

"नाही, याडी. आम्ही बंद केलं ते. खालचं अस्तर वाईट होतं, लाकूड वाईट होतं. त्याने सगळं खराब होत होतं. आता काही होणार नाही. पुष्कळ वर्षं टिकेल."

तिने कांचळी घडीवर ठेवली. तिचे हात लुगड्यावर येऊन पडले.

"म्हंजे गेली," ती म्हणाली.

मी केलेलं काम बरोबर होतं, आजही मी तेच करीन. पण त्या क्षणी मला वाटलं, या बाईच्या घरात दुसऱ्यांदा मृत्यू झाला आहे आणि या वेळी मी तिथे हजर आहे. ती उठायला लागली. मी तिला थांबवलं आणि पुढच्या खोलीतून तो वेळू आणला.

कागद जमिनीवर उलगडला तेव्हा तो कडांना तुटत होता. रंग आणखी गडद झाला होता. याडी उभी होती, ती खाली बसली. बराच वेळ तिने त्याला हात लावला नाही. तिच्या मुलीचा फोटो नव्हता. त्या काळी तांड्यावर कुणाचाच नसायचा. मग ती गुडघ्यांवर सरकत कागदाच्या उजव्या अंगाला गेली आणि तिने तो लहान तळहात स्वतःच्या तळहाताने झाकला. विचार न करता, सरळ. त्याच्याबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं.

"हे मले दे," ती म्हणाली.

"याडी, हा टिकणार नाही. याच्यात आम्ल आहे. वर्ष-दोन वर्षांत चुरा होईल."

"होऊ दे. तोवर तं राह्यन."

मी चिटणिसांना विचारलं नाही. खराब झालेलं अस्तर फेकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी तो खादीत गुंडाळून दिला आणि वरून तिचं पोतं बांधलं. पाऊस थांबायची वाट न बघता तिने तो खांद्यावर घेतला आणि निघाली.

त्यानंतरच्या जत्रेला मी मास्तर आणि त्यांच्या पत्नीबरोबर पोहरादेवीला गेले. गर्दीत तिला शोधणं कठीण होतं, पण तांडा जवळच होता आणि तिला सगळे ओळखत होते. मास्तर बाहेर लिंबाखाली थांबले. मी तिच्या झोपडीत गेले. दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं. भिंतीशी एक खाट होती, तिच्यावर गोधडी पसरलेली. याडी खूश दिसली. मागच्या वेळेपेक्षा अंगाने भरली होती.

"बस," ती म्हणाली. मी खाटेकडे वळले. "तिकून नोको बसू, तिचे पाय हायेत. इकून बस."

मी तिने दाखवलेल्या जागी, अगदी कडेला, बसले. तिने गोधडीचं टोक उचलून मला दाखवलं. कागद आता जवळजवळ काळा होता, आणि मध्ये जी जागा कोरी होती, डोक्याची, तिथेही रंग चढला होता. सारखा चढला नव्हता. कुठे कमी, कुठे जास्त. मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. कागद जुना होतो तसा सगळीकडूनच काळा पडतो.

"आता रडत नाई," याडी म्हणाली. "झोपते." तिने गोधडी परत नीट सारली, बाळाची सारतात तशी. कड माझ्या हाताला लागली. ती उबदार होती. ऊन सरळ खाटेवर येत होतं, त्यामुळे असेल.

तिने मला गुळाचा चहा केला. मी तो तिथे, त्या कडेला बसून प्याले. बाहेर आल्यावर मास्तरांनी विचारलं, "कागद कसा आहे?"

"टिकायचा नाही," मी म्हटलं.

ती पुन्हा वाशीमला आली नाही. काही वर्षांनी, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, एक तरुण माणूस वाचनालयात आला. इंझोरीकडे शेतात काम करत होता. याडीचा धाकटा मुलगा. याडी नुकतीच, त्या हिवाळ्यात, वारली होती.

"कागदाचं काय झालं?" मी विचारलं.

"तुकडे तुकडे झाले व्हते. तिनं गोधडीतच ठेवले व्हते सारे. गोधडी तशीच बांधून सरनावर तिच्यासंग देल्ली." त्याने खोलीभर नजर फिरवली. "दोघी एकाच वक्ती गेल्या. तांड्यातले म्हनतात, आता पोशाखई आना, जाळून टाकू. म्हनून आलो."

पोशाख त्यांचा होता, ते मागू शकत होते. मी कपाट उघडलं आणि एकेक घडी त्याच्यासमोर काढून ठेवली. तो मांडी घालून बसला. बहिणीच्या लग्नात तो फार लहान होता, त्याला तिचं काहीच आठवत नव्हतं. त्याने ओढणी पाहिली, कवड्या पाहिल्या, आरशात स्वतःला पाहून केस सारखे केले. मग खादीची कड उचलून खाली काय आहे तेही पाहिलं. पांढरं कापड आणि काच.

"इथं काई नाई," तो म्हणाला.

"नाही."

"मंग राहू द्या. हे तं कपडे हायेत." त्याने स्वतःच्या हाताने घड्या परत आत ठेवल्या, जरा वाकड्यातिकड्या, आणि मोटार कुठून सुटते ते विचारून तो निघून गेला.